श्रीपेरुंबुदूरच्या आधीची पस्तीस वर्षं

२१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली आणि आपल्याकडे घराघरात दोन शब्द पोचले, मानवी बॉम्ब आणि सायनाइडची कुपी. श्रीलंकेतल्या 'तमिळ वाघ' (एलटीटीई) या सशस्त्र संघटनेची, हार घेऊन आलेली एक मुलगी पाया पडायला वाकते आणि स्वतःसकट सगळ्यांना उडवते, इतका द्वेष माणसात येतो कुठून? "तिथल्या सिंहली आणि तमिळ लोकांचं शेकडो वर्षांचं वैर आहे" हे उत्तर मी खूपदा ऐकलंय पण ते मला कधीच पटलं नाही, म्हणून मी मागे मागे वाचत गेलो आणि जाऊन थांबलो ते जून १९५६ वर, कोलंबोच्या पार्लमेंटपाशी. तिथे बंदूक नव्हती, एक कायदा होता.

पण त्याच्याही थोडं आधीचं सांगावं लागेल, नाहीतर तिथल्या बहुसंख्य सिंहली लोकांवर अन्याय होईल. जाफना हा उत्तरेकडचा तमिळ लोकांचा कोरडा भाग, शेती बेताचीच, तिथे अमेरिकन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात शाळा काढल्या, तमिळ पोरं इंग्रजी शिकली आणि ब्रिटिशांच्या काळात सरकारी नोकऱ्यांत त्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा बरंच जास्त झालं. खेड्यातल्या सिंहली पोराला वाटायचं देश आमचा आणि साहेब मात्र इंग्रजी बोलणारा. हा राग खोटा नव्हता. शिवाय बेटावर आपण जास्त असलो तरी समुद्रापलीकडे तमिळनाडूत कोट्यवधी तमिळ आहेत, ही भीती, म्हणजे बहुसंख्य असून मनातून अल्पसंख्य. १९४८ ला स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या पहिला फटका बसला तो चहाच्या मळ्यातल्या तमिळ मजुरांना, लाखो लोकांचं नागरिकत्व एका कायद्याने गेलं, आणि तेव्हा जाफन्यातल्या काही तमिळ पुढाऱ्यांनीही सरकारला साथच दिली, हे पण लक्षात ठेवा.

मग १९५६. सॉलोमन बंदारनायके ऑक्सफर्डला शिकलेले, जन्माने ख्रिश्चन, नंतर बौद्ध झालेले. निवडून आलो की सिंहली हीच एकमेव राजभाषा करू असं वचन देऊन ते जिंकले, पंतप्रधान झाले आणि कायदा केलाही. विधेयक मांडलं त्या दिवशी तमिळ पुढारी चेल्वनायकम आणि त्यांचे सहकारी पार्लमेंटजवळ गॉल फेसच्या मैदानावर सत्याग्रहाला बसले होते, गांधींच्या पद्धतीने, शांतपणे, आणि जमावाने येऊन त्यांना बदडलं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढच्या वर्षीची. जुलै १९५७ मध्ये बंदारनायके आणि चेल्वनायकम एकत्र बसले आणि करार केला, तमिळ भागांना थोडे अधिकार आणि तमिळ भाषेला मान. म्हणजे तोडगा निघाला होता! पण विरोधी पक्षातून जयवर्धनेंनी कँडीच्या दिशेने मोर्चा काढला, एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर येऊन बसले आणि बंदारनायकेंनी करार मोडला. दीड महिन्यात दंगल. पानदुरा गावात एका हिंदू पुजाऱ्याला जिवंत जाळलं. ही गोष्ट लहानपणी मोठ्यांकडून ऐकत वाढलेल्या एका पोराचं नाव वेलुपिल्लै प्रभाकरन, तोच पुढे वाघांचा प्रमुख झाला, मुलाखतीत त्याने स्वतः ती सांगितलीये. आणि बंदारनायकेंना सप्टेंबर १९५९ मध्ये गोळ्या घातल्या त्या एका बौद्ध भिक्खूनेच.

१९६५ ला पुन्हा करार झाला, पुन्हा गुंडाळला. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ॲडमिशनचा घोळ आला, मेडिकलला तमिळ पोरांना ४०० पैकी २५० मार्क लागायचे आणि सिंहली पोरांना २२९. आपल्याकडे कट-ऑफवरून घरात काय वातावरण असतं ते माहितीये ना, तिथे तर जाफन्यात शिक्षण हाच एकमेव रस्ता होता, तोच बंद झाला. बाप चाळीशीत सत्याग्रह करून दमलेला आणि पोरगा अठराव्या वर्षी घरी बसलेला, अशा घरांतून पोरं चळवळीत गेली.

आणि त्यांनी पहिला मोठा खून कुणाचा केला? सिंहली माणसाचा नाही. जुलै १९७५ मध्ये जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा, तमिळच, सरकारशी जुळवून घेतो म्हणून. प्रभाकरन तेव्हा वीस वर्षांचा होता.

नंतरचं भराभर घडत गेलं. १९८१ ला जाफन्याची लायब्ररी जाळली, सुमारे ९७ हजार पुस्तकं, ताडपत्रांसकट, आणि त्यात पोलिसच होते. २३ जुलै १९८३ ला वाघांनी १३ सैनिक मारले आणि दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरं शोधली गेली. वेलिकडा जेलमध्ये दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच जयवर्धने, टीव्हीवर आले ते चार दिवसांनी आणि मेलेल्यांबद्दल एक शब्द नाही. ज्या सिंहली शेजाऱ्यांनी तमिळ कुटुंबं आपल्या घरात लपवली तीसुद्धा त्याच गल्ल्यांतली, "जन्मजात वैर" म्हणणाऱ्यांनी त्यांचं काय करायचं ते सांगावं.

पण इथे मी वाघांना सूट देत नाही. अन्याय खरा होता, म्हणून अनुराधापूरला १९८५ मध्ये बसस्टँडवर आणि बोधिवृक्षापाशी सामान्य माणसं मारणं योग्य ठरत नाही. १९९० मध्ये त्यांनी जाफन्यातल्या मुसलमानांना दोन तासांत घर सोडायला लावलं, आणि हे लोक घरात तमिळच बोलायचे, ज्या भाषेसाठी सगळं चाललं होतं तीच! तिथे पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे १२०० जवान मारले गेले, आपल्या मुंबईत जन्मलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन त्यांतलेच, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले. अमिर्तलिंगम १९८९ मध्ये, नीलन तिरुचेल्वम १९९९ मध्ये, दोघेही बोलणी करू पाहणारे तमिळ, दोघांनाही वाघांनीच मारलं. मे २००९ मध्ये मुल्लिवाइक्कलच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर युद्ध संपलं तेव्हा मधे अडकलेले हजारो तमिळ लोक सैन्याच्या तोफांखाली मेले, आणि जे पळत होते त्यांच्यावर वाघांनी गोळ्या झाडल्या.

तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७ च्या घटनादुरुस्तीत मिळाला होता, म्हणजे १९५६ च्या त्या कायद्यानंतर एकतीस वर्षांनी. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी कित्येक दशकांनी राष्ट्रगीत तमिळमधूनही गायलं गेलं, तेव्हा अनेकांचे डोळे भरून आले. २०२० च्या सोहळ्यात ते पुन्हा फक्त सिंहलीत झालं.