हायवेला स्टिअरिंग आपोआप ओढतंय? अलाइनमेंटला यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी हे पत्रक काढलंय, कारण गेली दोन-तीन वर्षं एकच गाऱ्हाणं ऐकतोय आणि तेच तेच तोंडी सांगून आता घसा बसायची वेळ आलीय. "गाडी नवीनच आहे ओ, पण हायवेला घेतली की स्टिअरिंग ओढतंय, अलाइनमेंट करून द्या." आता आमचं काम व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि पुढच्या काचा बसवायचं, म्हणजे अलाइनमेंट करून पैसे घेतले की आमचा धंदा झाला. पण बऱ्याच गाड्यांची अलाइनमेंट एकदम ओके असते, ओढणारा दुसराच कोणीतरी असतो, आणि तो बसलेला असतो आरशाच्या मागं काचेला चिकटून. कॅमेरा!

आम्हाला पण हे पहिल्यांदा कळलं नव्हतं, खरं ते सांगतो. कोरेगावकडचे एक काका, नवी एसयूव्ही. दोनदा अलाइनमेंट करून दिली, तिसऱ्यांदा परत आले, जरा तापूनच. मग म्हटलं चला काका, मी शेजारी बसतो, तुम्ही चालवा. सातारा सोडून शेंद्रेच्या बाजूला निघालो, उसाचा सीझन, पुढं डाव्या लेनला ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनी हातभर बाहेर आलेला. काकांनी कोणीही घेईल तशी गाडी जरा उजवीकडं, डिव्हायडरच्या बाजूला घेतली, आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात हळूच डावीकडं, म्हणजे सरळ उसाच्या बाजूला परत आलं. "बघा बघा, हेच! हेच ते!" काका ओरडले. मी बघत होतो मीटरकडं, तिथं गाडीचं चित्र आणि दोन्ही बाजूला दोन हिरव्या रेघा. स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं, रेघा गेल्या, पुढच्या ट्रॉलीला गाडी काकांच्या हातात जशीच्या तशी राहिली. दोन अलाइनमेंटचे पैसे काकांना परत दिले.

तर हा प्रकार काय आहे. तुमच्या गाडीत अडास (कॅमेरा-रडारनं ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम) आहे असं शोरूममध्ये सांगतात, त्यात लेनची दोन कामं असतात आणि लोक दोन्हीची गल्लत करतात. एक लेन कीप असिस्ट. हा बांधावर बसलेल्या राखणदारासारखा, तुम्ही लेनच्या मध्ये असाल तोवर गप्प, चाक पांढऱ्या पट्टीला लागायला आलं आणि तुम्ही इंडिकेटर दिलेला नसला की स्टिअरिंगला एक ढकला देऊन आत आणतो. बहुतेक गाड्यांत साधारण ६०-६५ च्या स्पीडपुढं जागा होतो, काहींत ७० च्या पुढं. दुसरं लेन सेंटरिंग, हे शिकलेल्या बैलासारखं, सरी सोडत नाही, सारखं बारीक बारीक स्टिअरिंग फिरवत गाडी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध ठेवतं आणि बहुतेक वेळा क्रूझ कंट्रोलच्या (ठरवलेला स्पीड आपोआप धरून ठेवणाऱ्या सोयीच्या) जोडीनं चालतं. ह्युंदाई-कियामध्ये लेन फॉलोइंग असिस्ट, टोयोटात लेन ट्रेस असिस्ट, महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये स्मार्ट पायलट असिस्ट, नावं वेगळी पण काम साधारण तेच. काकांना त्रास देत होतं ते हे दुसरं.

जपानमध्ये निस्साननं २००१ साली सिमा गाडीत असलं काहीतरी दिलं होतं, म्हणजे नवीन काही नाही, फक्त आपल्याकडं खेड्यापाड्यात पोचायला वीस वर्षं लागली. आता व्हर्ना, क्रेटा, सेल्टॉस, हॅरियर, हायक्रॉस, होंडा सिटी, सगळ्यांच्या वरच्या मॉडेलात आलंय.

कॅमेऱ्याला रस्ता दिसत नाही, फक्त पट्टीचा रंग दिसतो, आणि आमचं सगळं सांगणं ह्या एका गोष्टीपाशी येतं. पट्टी जिकडं तिकडं गाडी. सातारा ते कागल सहापदरीच्या कामात ठिकठिकाणी डायव्हर्जन पडलेत, जुनी पट्टी अर्धी खरवडलेली, नवी पट्टी तिच्या शेजारून तिरकी गेलेली, अशा जागी कॅमेरा कुठली पकडेल याचा काही नेम नाही. कराडकडून येणारे एक ट्रॅव्हल्सवाले दादा म्हणाले की बॅरिकेडपाशी गाडी जुन्या पट्टीच्या मागं निघाली होती, मी धरली म्हणून बरं. भेगांमध्ये भरलेलं डांबर उन्हात चमकतं त्यालाही कधी कधी पट्टी समजते. सिमेंटच्या पांढऱ्या रस्त्यावर पांढरी पट्टी नीट दिसत नाही. संध्याकाळी कोरेगावकडून साताऱ्याला येताना सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड जायच्या आधी समोरून डोळ्यात येतो ना, तेव्हा तुम्ही हात आडवा धरता, कॅमेऱ्याला हातच नाही, तो सरळ सोडून देतो. महाबळेश्वरच्या धुक्यात आणि रात्रीच्या पावसात तेच. आणि गावातल्या रस्त्याला पट्टीच नाही, तिथं तो झोपलेलाच, त्यामुळं तिथं गाडी ओढत असेल तर दोष खरंच चाकांचा, त्या वेळी बिनधास्त आमच्याकडं या.

घाटात काय होतं ते जरा नीट समजून घ्या. खंबाटकीत किंवा पसरणीच्या वळणावर मीटरमधल्या रेघा अचानक करड्या होतात आणि स्टिअरिंग सोडून दिल्यासारखं मोकळं होतं, नेमकं वळणाच्या मध्ये! लोक म्हणतात सिस्टिम बिघडली. बिघडलेली नसते, तिला जोरच कमी दिलेला असतो आणि तो मुद्दाम. युनायटेड नेशन्सच्या स्टिअरिंगच्या नियमात, रेग्युलेशन ७९ म्हणतात त्याला, असं लिहिलंय की ड्रायव्हरला सिस्टिमच्या विरुद्ध स्टिअरिंग फिरवायला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, म्हणजे साधारण पाच किलोची पिशवी उचलायला लागतो तेवढा. मशिनचं चुकलं तर घरातल्या कोणालाही ते हातानं मोडता आलं पाहिजे म्हणून. आता एवढ्याशा जोरात आवळ वळण कसं निघणार, मग ती मध्येच हात वर करते. म्हणून घाट लागायच्या आधीच बंद करा, वळणात बंद पडायची वाट बघू नका.

हात काढून चालवायचं डोक्यातून काढा

शोरूममध्ये लेव्हल टू म्हणून सांगतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं दोन नंबरचं ऑटोमॅटिक. गाडी किती आपोआप चालते याच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या आहेत, आणि दोनच्या पायरीला गाडी स्टिअरिंग आणि स्पीड दोन्ही सांभाळत असली तरी बघायचं काम आणि जबाबदारी पूर्ण ड्रायव्हरची. हात काढले की थोड्या सेकंदात मीटरवर स्टिअरिंग धरायची खूण येते, मग बीप, मग सिस्टिम बंद.

यात एक उलटी तक्रार पण येते, "हात ठेवलेला असतो तरी बोंबलतंय." त्याचं असंय की बऱ्याच गाड्यांना हाताचा स्पर्श कळत नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला किती पीळ बसतोय एवढंच कळतं. सरळ रस्त्यावर तुम्ही नुसता हात टेकवून बसलात तर पीळ शून्य, तिला वाटतं माणूस झोपला. एका हाताचं वजन एका बाजूला हलकं सोडून बसा, बीप थांबतो. काही महागड्या गाड्यांत स्पर्शाचा सेन्सर असतो, त्यांना हा त्रास नाही. आता एक जण आमच्याकडं आला, पठ्ठ्यानं स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवलेली, का तर पीळ पडतो आणि बीप वाजत नाही. दादा, त्या बाटलीला पुढं आलेली म्हैस दिसत नाही!

इंडिकेटरचं पण सांगायला पाहिजे, रागवू नका. आपल्याकडं लेन बदलताना इंडिकेटर द्यायची पद्धत जरा कमीच, आणि मग स्टिअरिंग अडतं, झगडतं, मग फोन येतो. इंडिकेटर दिला की सिस्टिम लगेच हात काढते. वहिनींच्या गाडीत काही त्रास नाही आणि साहेबांच्या गाडीत रोज भांडण, मॉडेल तेच, असं एक घर आमच्या ओळखीत आहे, फरक फक्त त्या इंडिकेटरच्या दांडीचा.

घरच्या घरी तपासायचं ते असं. हायवेचा सरळ सपाट पट्टा घ्या, गर्दी नसलेला, टायरची हवा आधी बघून घ्या. स्टिअरिंगवर किंवा डॅशवर दोन रेघांचं चित्र असलेलं बटण असतं, ते दाबून धरून लेनचं सगळं बंद करा. मग नेहमीच्या स्पीडला पकड जरा सैल करून बघा, हात काढून नाही, सैल. अगदी थोडी डावीकडं जात असेल तर ते रस्त्याच्या उतारामुळं, पाणी जायला रस्ता डावीकडं कललेला असतो, त्याला औषध नाही. स्पष्ट ओढत असेल तर अलाइनमेंट नाहीतर टायर. आणि बंद केल्यावर गाडी सरळ, चालू केल्यावर ओढते असं असेल तर कॅमेऱ्याचं काम, अलाइनमेंटचे पैसे वाचले तुमचे. एक लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून परत चालू केलं की हे आपोआप चालू होतं, सकाळी बंद केलं होतं म्हणून दुपारी बंद असेलच असं नाही.

कॅमेऱ्याचं काम म्हणजे काय, तर बहुतेक वेळा काच बदललेली असते. सहापदरीच्या कामावरचे खडीचे डंपर, त्यामागं लागलात की काचेला खडा बसणारच. खड्याचा डाग कडेला असला तर भरून देतो, कॅमेऱ्याच्या समोरच असला तर भरत नाही, काच बदलावीच लागते, कारण भरलेल्या जागेतून चित्र वाकडं दिसतं. नवी काच बसवली की कॅमेरा परत त्याच जागी बसला तरी केसभर तिरका होतोच, आणि केसभर म्हणजे किती ते ऐका. हायवेची लेन साडेतीन मीटर, क्रेटा १.७९ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूला साधारण ८५-८५ सेंटीमीटर जागा उरते. कॅमेरा नुसता १ डिग्री तिरका असेल तर ५० मीटर पुढं ८७ सेंटीमीटरचा फरक. म्हणजे सगळी जागाच गेली! म्हणून काचेनंतर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर परत सरळ लावणं, करावंच लागतं. गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर छापील चित्रांचा बोर्ड उभा करून लेसरनं सरळ लावतात, काही गाड्यांना त्याऐवजी किंवा त्यानंतर चांगल्या पट्ट्यांच्या रस्त्यावर फिरवून आणावं लागतं. बाहेर कुठं काच स्वस्तात बसवून घेत असाल तर एवढंच विचारा की कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेवर कंपनीसारखा आहे का आणि कॅलिब्रेशनचा रिपोर्ट देणार का. इन्शुरन्समधून करताय तर एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशन पहिल्यापासून वेगळं लिहून घ्या, मागाहून सांगितलं की सर्व्हेअर कुरकुर करतो.

अलाइनमेंटनंतर पण एक बारीक गोष्ट राहते, स्टिअरिंग किती वळलंय ते गाडीला सांगणाऱ्या स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य परत सेट करायची. ते राहिलं तर चाकं सरळ असून गाडीला वाटतं आपण वळतोय. सुरुवातीला आमच्याकडून दोन-तीन गाड्यांना हे राहून गेलं होतं, आता स्कॅनर लावल्याशिवाय गाडी खाली उतरवत नाही.

आणि पैसे न लागणारे उपाय आधी करून बघा. फास्टॅग आरशाच्या मागं कॅमेऱ्याच्या तोंडावर चिकटवलेला असतो, हे आम्ही स्वतः किती वेळा सोलून काढलंय त्याची गणती नाही. आरशाला लटकणारा हार, डॅशवरच्या पांढऱ्या झालरीच्या रुमालाची काचेत पडणारी सावली, आतून धुरकटलेली काच, झिजलेले वायपर. बाप्पाची मूर्ती जरा खाली सरकवून ठेवा, आशीर्वाद तेवढाच मिळतो. पुढं लोखंडी गार्ड लावू नका, बेकायदेशीर तर आहेच, त्यात बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये रडार असतं आणि ते गार्डमागं आंधळं होतं.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल मग हे बंदच ठेवतो. आमचं मत विचाराल तर रात्री पुण्याहून येताना, खेड शिवापूरपासून पुढं, पट्ट्या चांगल्या आहेत तिथं लेन कीप जरूर चालू ठेवा, डुलकी लागून गाडी पट्टीबाहेर जाताना परत आणलेली माणसं आम्ही बघितलीत. सेंटरिंग मात्र ऊस चालू असेपर्यंत, म्हणजे दिवाळीपासून पाडव्यापर्यंत धरा, आम्ही स्वतः आमच्या गाडीत बंद ठेवतो. रॉंग साइडनं डिव्हायडरला चिकटून येणारी मोटरसायकल चुकवताना पण तेच, स्टिअरिंगवर दोन मालक नकोत.

कॅलिब्रेशनला यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सकाळची वेळ घ्या, बोर्ड लावायला पूर्ण रॅम्प मोकळा लागतो आणि दुपारी दरवाजातून ऊन आत येतं. डिकी रिकामी करून आणा, परवा एक जण ज्वारीची दोन पोती घेऊन आला, मागून दबलेली गाडी, म्हणजे कॅमेरा बघतोय आभाळाकडं. डिझेल-पेट्रोल बऱ्यापैकी भरलेलं असू दे, चारी टायर एका मापाचे. दीड-दोन तास लागतात, चहा आमच्याकडं. दर आत बोर्डावर लिहिलेत, आणि तपासून फक्त बटणाचा प्रॉब्लेम निघाला तर पैसे घेत नाही.