फियाट डिनो आणि फेरारीची डिनो: इंजिन एक, गाड्या दोन

जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांच्या बाजारात ‘डिनो’ एवढेच नाव ऐकून व्यवहाराला हात घालू नये, कारण त्या नावाच्या दोन निराळ्या गाड्या आहेत आणि त्यांच्या किमतींत फार मोठी तफावत आहे. फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या १९५६ मध्ये तरुणपणीच वारलेल्या मुलाचे, आल्फ्रेडोचे, हे लाडाचे नाव. तेच नाव मिळालेले व्ही-६ (व्ही आकारात सहा सिलिंडरचे) इंजिन फेरारींना शर्यतीत उतरवायचे होते. १९६७ पासून फॉर्म्युला २ शर्यतींसाठी नियम आला, की इंजिनाचा ब्लॉक वर्षभरात किमान ५०० नग निघालेल्या गाडीतला असला पाहिजे. फेरारीच्या मारानेल्लो गावातल्या लहानशा कारखान्याला तेवढ्या गाड्या काढणे शक्य नव्हते, म्हणून फेरारींनी फियाटशी करार केला आणि ते एकच इंजिन दोन घरांत गेले.

फियाटने ते पुढे, बॉनेटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवले आणि मागची चाके फिरवली. १९६६ मध्ये पिनिनफारिना या बॉडी घडवणाऱ्या कंपनीची उघडी स्पायडर आली, तर पुढल्या वर्षी तशाच बेर्तोने कंपनीची बंद छताची चार आसनी कूपे. मुंबईच्या वाचकाला फियाट म्हटले की पद्मिनी टॅक्सी आठवते. तिच्याशी या गाडीचे नाते नावापुरतेच. फेरारीच्या २०६ जीटी आणि १९६९ नंतरच्या २४६ जीटी या दोनच आसनांच्या गाड्यांत मात्र तेच इंजिन आसनांच्या मागे, आडवे बसले. या गाड्यांवर कारखान्याने फेरारीचे नाव लावले नव्हते, त्यामुळे एखाद्या २४६ वर फेरारीचे चिन्ह असलेला उधळता घोडा दिसला तर तो बहुधा नंतरच्या कोणा मालकाच्या हौसेचा समजावा.

दुरुस्तीत खरा फरक इंजिनाच्या या जागेमुळे पडतो. फियाटमध्ये बॉनेट उघडले की तिन्ही वेबर कार्ब्युरेटर समोर असतात आणि दोन्ही बाजूंचे स्पार्क प्लग काढणे फारसे अवघड जात नाही. २४६ मध्ये पुढची सिलिंडरची रांग केबिनच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली असते. तिथले प्लग आणि त्यांना ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर यांपर्यंत हात पोहोचवणे हेच निम्मे काम, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली-मागे असल्यामुळे थोड्या मोठ्या कामालाही इंजिन-गिअरबॉक्सचा सगळा संच खाली उतरवावा लागतो. दोन्ही इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारे चार कॅमशाफ्ट साखळीवर चालतात आणि व्हॉल्व्हची फट पातळ शिम (चकत्या) बदलून जुळवावी लागते. हे काम जाणणारा कारागीर फियाटच्या मालकाला सवलत देत नाही. फियाट आहे म्हणून स्वस्तात भागेल, या हिशेबात पुष्कळ जण इथेच फसतात.

पत्र्याचे दुखणे दोन्हींना आहे. २०६ ची बॉडी अॅल्युमिनियमची होती, पण अशा गाड्या जेमतेम दीडशे निघाल्या. २४६ पोलादी पत्र्याची असल्याने दरवाजांचे तळ आणि त्यांखालच्या कडा आतून गंजतात. फियाट स्पायडरची तीच गत, फक्त तिचे बाहेरचे भाग मिळवणे अधिक जिकिरीचे, कारण मूळ गाड्याच थोड्या.

फियाट घ्यायचीच असेल, तर माझी पसंती २.४ लिटरच्या गाडीला. २.० लिटरच्या गाडीत अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि मागे पाट्यांवरचा अखंड अॅक्सल होता. १९६९ च्या बदलात ब्लॉक बिडाचा झाला, मागचे सस्पेन्शन स्वतंत्र झाले आणि जुळणीही मारानेल्लोतच होऊ लागली. ती २४६ इतकी देखणी नाही, हे मान्य. पण घरच्या गॅरेजमध्ये हाताळता येते.

एक तपासणी मात्र टाळू नये. २४६ साठी आणि याच इंजिनावर चालणाऱ्या लान्चिया स्ट्रॅटोस या रॅली गाडीच्या प्रतिकृतींसाठी पुष्कळ फियाट डिनोंची इंजिने काढून नेली गेली, म्हणून ब्लॉकवरचा ठसा कागदपत्रांशी ताडून पाहावा: २.४ लिटरच्या फियाटवर १३५ सी, २४६ वर १३५ सीएस.