बडोद्याच्या जुन्या गल्ल्या कशा टिकल्या

मुंबईत मांडवी आहे, रत्नागिरीत आहे, कच्छात तर त्या नावाचं बंदरच आहे. मांडवी म्हणजे जकातीचा नाका. बडोद्याला समुद्र नाही, पण मांडवी आहे आणि ती जुन्या शहराच्या बरोबर मधोमध आहे. पश्चिमेचा लहरीपुरा दरवाजा, पूर्वेचं पाणीगेट, उत्तरेचा चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेचं गेंडीगेट, या चारही वेशींतून येणारे रस्ते मांडवीच्या कमानींखाली भेटतात. तिथे दिवसभर हॉर्नचा कल्लोळ असतो. मात्र एखाद्या पोळीत, म्हणजे दरवाजाआडच्या जुन्या वस्तीत, शिरून दोन वळणं घेतली की आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो.

ही शांतता आपोआप आलेली नाही. तटबंदीचं हे चौकोनी गाव गुजरातच्या सुलतानांच्या काळातलं. त्यात सरळ रस्ते मुख्य असे चारच, तेही बाजारासाठी. माणसं राहायची मागच्या बाजूला, पोळींमध्ये. पोळ हा शब्द संस्कृत 'प्रतोली'वरून आला. त्याचा मूळ अर्थ दरवाजा. एका जातीची, एका धंद्याची किंवा एकमेकांच्या नात्यातली घरं एका दरवाजाच्या आत, आणि तो दरवाजा रात्री बंद. आत चौक, विहीर, देऊळ. वाट मुद्दाम वाकडी, कारण अनोळखी माणसाला सरळ आत येता येऊ नये. ज्या बोळाचं तोंड पुढे बंद असतं, त्याला आमच्याकडे खांचा म्हणतात. तिथून पलीकडे जायला रस्ताच नसल्याने वाहनं शिरत नाहीत. दरवाजे आता बंद होत नाहीत, पण ओट्यावर भाजी निवडणारी एखादी बाई अजूनही मान वर करून विचारते, "कोनुं काम छे?" यात राग मुळीच नसतो. नाव सांगितलं की घर कुठलं ते तीच दाखवते.

1734 मध्ये बडोदं कायमचं गायकवाडांच्या ताब्यात आलं आणि त्यानंतर मराठी माणसं येत राहिली: शिलेदार, कारकून, शास्त्री, भिक्षुक. वेशीच्या आत त्यांना पोळी मिळाल्या, पण लहरीपुऱ्याबाहेर रावपुरा आणि दांडिया बाजाराकडे त्यांनी आपले वाडेही उभे केले. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा त्यांपैकीच. 1849 ते 1854 या काळात दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, त्यांत कृष्णलीलाही आहे. जवळून पाहिलं तर रंगाचे पोपडे आणि बारीक रेघ एकत्रच दिसतात. बाहेरच्या रस्त्याकडे वाड्याची पाठ नाही, पण त्याचा जीव आतल्या चौकात आहे. गुजराती पोळ आणि मराठी वाडा यांचं इतकं जुळलं, ते मला वाटतं याच सवयीमुळे.

मग जुनं गाव टिकलं कसं? याचं उत्तर मला सयाजीराव तिसरे यांच्या काळात सापडतं. 1875 मध्ये ते दत्तक आले, 1881 मध्ये पूर्ण अधिकार हाती आले. त्यांनी जे नवं बांधलं, ते बरंचसं वेशीबाहेर पश्चिमेकडे: कमाटी बाग, कॉलेज, 1890 मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा, लहरीपुऱ्याजवळ 1896 चं न्यायमंदिर. रेल्वे स्टेशनही विश्वामित्री नदीच्या पश्चिमेला. शहर तिकडे सरकलं आणि जुन्या गल्ल्यांवर नांगर फिरला नाही. आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने आलं, तशी पोळींतल्या विहिरींची गरजही संपत गेली. कितीतरी विहिरींवर आता फरशी आहे आणि फरशीवर तुळस.

1916 मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी बडोद्याच्या वाढीवर अहवाल दिला. जुन्या वस्त्या पाडून सरळ, रुंद रस्ते काढण्याला त्यांचा ठाम विरोध असे. त्यांचं हे म्हणणं आजही कुणीतरी पालिकेच्या टेबलावर ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

कारण आता धोका वेगळा आहे. मुलं अलकापुरीच्या नव्या वस्तीकडे गेली, लाकडी घरांच्या तळमजल्यावर गोदामं आली. कोरीव खांब विकले जातात आणि त्यांच्या जागी शटर लागतं.

चालायला जायचं तर दुपारी दोन ते चार निघा. उन्हाळ्यातही अरुंद गल्लीत एका बाजूला सावली मिळते. आणि नवरात्रात रात्री घडियाळी पोळीत जाच. तिथे अंबामातेसमोर गरबा फक्त पुरुष खेळतात.