रिकमनची शैलीविभागणी

इंग्लंडमधील मध्ययुगीन इमारतींचा, मुख्यतः चर्चचा, काळ त्यांच्या घडणीवरून ओळखण्याची पद्धत. टॉमस रिकमन (१७७६–१८४१) यांनी ती १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात मांडली. रिकमन लिव्हरपूलमध्ये हिशेबनीस होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ते दूरदूर पायी भटकत, वाटेतल्या जुन्या चर्चची रेखाटने करत. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. जे कळले ते दगड निरखूनच कळले, आणि हेच या पद्धतीचे बळ आहे.

त्याआधी टोकदार कमानीच्या साऱ्या इमारतींना सरसकट ‘गॉथिक’ म्हणत. गोल कमान दिसली की ‘सॅक्सन’. रिकमन यांनी कमानी, खांब, नक्षी आणि विशेषतः खिडक्या ताडून चार शैली वेगळ्या केल्या. जाड भिंती व गोल कमानी ती ‘नॉर्मन’ (डरॅमचे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, आरंभ १०९३). भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, टोकदार खिडक्या ती ‘अर्ली इंग्लिश’. सॉल्झबरीचे कॅथीड्रल बहुतांशी १२२० ते १२५८ या काळात उभे राहिल्याने ही शैली तिथे जवळजवळ निर्भेळ पाहायला मिळते. पुढे खिडक्या रुंद झाल्या आणि त्यांत वळणदार दगडी जाळी आली, ती ‘डेकोरेटेड’. शेवटी जाळीचे उभे दांडे थेट कमानीपर्यंत सरळ चढू लागले, ती ‘पर्पेंडिक्युलर’. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर (आरंभ १४४६) या शैलीचे. तिथले पंख्यासारखे उलगडणारे दगडी छत पाहिले की शिल्पींच्या हिशेबाची थोरवी कळते.

रिकमन यांनी शैलींच्या सीमा राजांच्या कारकिर्दींनुसार ११८९, १३०७ व १३७७ अशा आखल्या. पद्धतीची कच्ची बाजू हीच. ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ‘पर्पेंडिक्युलर’ काम १३३० च्या दशकातच सुरू झाले होते, म्हणजे त्यांच्या सीमेच्या सुमारे चाळीस वर्षे आधी. शिवाय एकेका चर्चचे बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चाले, त्यामुळे एकाच भिंतीत दोन शैली शेजारी नांदतात. नावे मात्र टिकली. आजही इंग्लंडमध्ये हीच वापरात आहेत.

एकोणिसाव्या शतकात गॉथिक धर्तीच्या नव्या इमारती उठल्या तेव्हा ही नावे वास्तुशिल्पज्ञांच्याही हाताशी आली. रिकमन स्वतः पुढे वास्तुशिल्पज्ञ झाले. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमधील ‘न्यू कोर्ट’ त्यांनी हेन्री हचिन्सन यांच्यासह उभारले. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) ‘अर्ली इंग्लिश’ धर्तीचे म्हणून ओळखले जाते.