लोड बेअरिंग भिंत काढण्याची परवानगी: अर्ज नेमका कुठे अडकतो

जुन्या घराचा हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचं ठरलं की घरात आधी येतो इंटिरिअरवाला, मग गवंडी. महापालिका येते सगळ्यात शेवटी, तीही शेजाऱ्याने तक्रार केल्यावर. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कार्यालयात अशा अर्जांच्या फायली लावण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. परत आलेल्या फायलींवरचे शेरे आता पाठ झालेत, कारण दरवेळी तेच चार-पाच असतात. इथे त्यांच्याबद्दलच लिहितोय. फॉर्म कुठे मिळतो, फी किती, हे खिडकीवर विचारलं तरी कळतं.

आधी भिंत लोड बेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी, आहे का ते बघा. "नऊ इंची म्हणजे लोड बेअरिंग, साडेचार इंची म्हणजे पार्टिशन" हा गवंड्यांचा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर निघतो. चुकतो तेव्हा मात्र महागात पडतो. मागाहून टाकलेल्या माळ्याच्या तुळया साडेचार इंची भिंतीवर टेकवलेल्या मी पाहिल्या आहेत. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांत तर भिंत दीड-दोन फूट जाड, दगड-चुन्याची, वर कडीपाट म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, आणि लाकडी खांब भिंतीच्या पोटात. प्लास्टर खरवडल्याशिवाय काय कशावर उभं आहे ते समजत नाही. म्हणून इंजिनिअरने फोटो बघून फोनवर मत दिलं, तर ते मत फाइलला लावू नका.

अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब. वरच्या मजल्याची नऊ इंची विटांची भिंत, दहा फूट उंच, बारा फूट लांब: तिचं एकटीचं वजन साधारण पाच टन. त्यात स्लॅब, माणसं, पाण्याची टाकी धरलेली नाही. खालची भिंत काढल्यावर हे सगळं गर्डरच्या, म्हणजे भिंतीच्या जागी टाकलेल्या आडव्या तुळईच्या, दोन टोकांवर, म्हणजे फूटभर जागेवर येतं. "भिंतीऐवजी गर्डर टाकला की झालं" म्हणणाऱ्याला या दोन टोकांखाली काय आहे, एवढंच विचारा.

"आतलंच काम आहे, परवानगी कशाला?"

फायली उशिरा येतात त्या या एका वाक्यामुळे. ते अगदीच हवेतलं नाही, म्हणून जास्त घातक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये खरोखरच सूट आहे: फक्त इमारतीच्या आतल्या भागाला लागू असलेले किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारे फेरफार विकास परवानगीतून वगळलेत. हे कलम कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवतं आणि लोक निर्धास्त होतात. हेरिटेज इमारतींना ही सूट नाही, हा तुकडा मात्र पाठवताना गळतो.

आणि मुख्य म्हणजे, महापालिकेचा कायदा हा वेगळा कायदा आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार इमारतीत फेरबदल करण्याआधी आयुक्तांना सूचना द्यावी लागते. त्यातून 'टेनंटेबल रिपेअर्स' वगळलेत: प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, वायरिंग, त्याच सामानाने छप्पर बदलणं. त्याच स्पष्टीकरणात पुढे, काय या दुरुस्तीत धरायचं नाही तेही लिहिलंय, आणि लोड बेअरिंग भिंतीचे भाग बदलणं किंवा काढणं त्यात नाव घेऊन आहे. इतकं स्पष्ट वाक्य कायद्यात क्वचित सापडतं, तरी ते वाचलेला अर्जदार मला अजून भेटायचाय. मुंबईबाहेरच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. फेरबदलाआधी सूचना देण्याची तरतूद तिथेही आहे.

इतकी कडक भाषा का, याचं उत्तर घाटकोपरला मिळतं. २५ जुलै २०१७ रोजी तिथली चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू असताना खांबांना धक्का लावला, असा आरोप होता. मेलेल्यांतले बरेच जण वरच्या मजल्यांवर आपापल्या घरात होते.

अर्ज कोण करू शकतं

स्वतःचा बंगला असेल तर प्रश्नच नाही. मात्र मिळकत पत्रिकेवर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या सह्या लागतात. अमेरिकेतल्या भावाची सही "नंतर आणतो" म्हणून फाइल दिली तर ती टेबलावरून हलत नाही. त्याच्याकडून आधीच मुखत्यारपत्र करून घ्या.

सोसायटीतल्या फ्लॅटला समितीची लेखी परवानगी लागते. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, ते सरळ लिहिलंय. सेक्रेटरीने तोंडी "करा हो" म्हटलेलं चालत नाही, आणि लेटरहेडवरचं नुसतं 'हरकत नाही' पत्रही अपुरं पडतं. ठरावाची तारीख, कुठली भिंत, कुठल्या इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणे, हे पत्रात हवं. समितीला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. उद्या वरच्या घरात तडा गेला तर पहिली नोटीस तिच्याच नावाने निघते.

पागडीच्या खोल्यांत अडचण मोठी. भाडेकरूला घरमालकाची लेखी संमती हवी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ मध्ये, संमतीशिवाय कायमचं बांधकाम करणं हे ताबा परत मागण्याचं एक कारण दिलंय. लाकडी पार्टिशन, ओटा, दार, फॉल्स सीलिंग यांना त्यातून सूट आहे. भिंत काढून गर्डर बसवणं त्या यादीत बसत नाही. संमती मिळत नाही म्हणून गुपचूप काम उरकणारे भाडेकरू मालकाच्या हातात आयता खटला देतात. मुंबई बेटावरची ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचं ना-हरकत पत्रही मागतात. ते आणायला लागणारा वेळ धरूनच सुताराला तारीख द्या.

मंजूर नकाशा: कुणाकडेच नसलेला कागद

परत आलेल्या निम्म्या फायलींवर शेरा हाच: 'मूळ मंजूर नकाशाची प्रत जोडलेली नाही.' साठ-सत्तर वर्षांच्या घराचा नकाशा घरात सापडत नाही आणि बिल्डर हयात नाही. ज्या कार्यालयाने तो मंजूर केला, तेच कार्यालय तो तुमच्याकडे मागतं. स्वतःच्याच रेकॉर्डमधून का काढत नाही, असं मी एका वॉर्डात विचारलं होतं. "सापडत असता तर मागितला असता का?" असं उत्तर मिळालं. प्रामाणिकपणाबद्दल मार्क द्यायला हवेत.

शोधायच्या जागा अशा. सोसायटीच्या नोंदणीच्या वेळची फाइल. घरावर कधीकाळी कर्ज काढलं असेल तर बँकेकडे दिलेली कागदपत्रं. सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे जुना नोंदणीकृत करारनामा, कारण त्याला कधीकधी नकाशा जोडलेला असतो आणि दुय्यम निबंधकाकडून त्याची नक्कल मिळते. हे सगळं झाल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "आमच्या इमारतीची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, मंजुरीचं अंदाजे वर्ष आणि 'मंजूर नकाशा व बांधकाम पूर्णत्वाचा दाखला' एवढंच मागा. 'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर चिडून फाडू नका. तेच पत्र फाइलला लावायचं आहे.

नकाशा मिळालाच नाही तर इमारत जुनी आणि मान्य आहे, हे दुसऱ्या कागदांनी दाखवावं लागतं. मुंबईत यासाठी दोन तारखा लक्षात ठेवा: निवासी बांधकामाला १७ एप्रिल १९६४ आणि व्यापारीला १ एप्रिल १९६२. त्याआधीपासून बांधकाम उभं आहे, असं जुन्या करआकारणी उताऱ्यावरून दिसलं तर चर्चा पुढे सरकते. सोबत परवानाधारकाने मोजमाप घेऊन काढलेला सध्याचा नकाशा लागतो. त्यात गॅलरी आत घेतलेली, मागे पत्र्याची खोली वाढवलेली, सगळं दिसणार. लपवायचा प्रयत्न करू नका, साइटवर आलेला अभियंता टेप घेऊनच येतो. वाढीव भाग आधी नियमित करा किंवा काढा, भिंतीचं मग बघू.

इंजिनिअरचा एकच दाखला पुरत नाही

"सदर भिंत काढण्यास हरकत नाही", खाली सही-शिक्का. असे दाखले किरकोळ पैशांत मिळतात आणि परत येतात. फाइलला वेगवेगळे कागद लागतात: इमारतीच्या सध्याच्या अवस्थेचा अहवाल, नव्या आधाराचं गणित आणि नकाशे, काम चालू असतानाच्या तात्पुरत्या टेकूंचा नकाशा, आणि देखरेखीची हमी. अहवाल पूर्ण इमारतीचा हवा. लोक फक्त आपल्या फ्लॅटचा आणतात, पण भार सगळ्या मजल्यांवरून येतो.

सोसायटीचं जुनं स्ट्रक्चरल ऑडिट जोडून भागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ऑडिट अपेक्षित आहे, त्यामुळे बरेचदा मुदत आधीच टळलेली असते. त्यात इमारत सी-१ म्हणजे पाडण्याइतकी धोकादायक किंवा सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी ठरली असेल, तर भिंत काढायचा विषय सोडून द्या. इंजिनिअरचा परवाना चालू आहे का, तेही बघा. नूतनीकरण न केलेल्या परवान्यावरची सही म्हणजे कोरा कागद. हे कारण दाखवून परत आलेल्या फायली मोजायचं मी सोडून दिलंय.

गणितात आणखी एक गोष्ट तपासतात, ती ग्राहकांना आवडत नाही. भिंत वरचं वजन तर पेलतेच, शिवाय भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा तिला धरूनही ठेवते. म्हणून भारतीय मानक ४३२६ मध्ये एका भिंतीत दारं-खिडक्यांची एकूण रुंदी किती असावी याला मर्यादा आहे. भूकंपाच्या वर्गानुसार एकमजली घरात भिंतीच्या लांबीच्या ५० ते ६० टक्के, दुमजलीत ४२ ते ५०, तीन-चार मजलीत ३३ ते ४२. तेव्हा "एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळं" हे चित्र विसरा. दोन्ही बाजूंना भिंतीचे थोटके राहणार. ते दिसू नयेत म्हणून कपाट करा, पण इंटिरिअरवाल्याला ते तासू देऊ नका.

साठ दिवसांचा गैरसमज

"साठ दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं धरतात ना?" हा प्रश्न दर महिन्याला येतो. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगी आहे, पण तिला शेपूट आहे. कार्यालयाने त्रुटी काढली असेल तर साठ दिवस तुमचं उत्तर पोहोचल्यापासून मोजतात. प्रस्ताव सगळ्या विकास नियमांत तंतोतंत बसणारा हवा. नसेल आणि तुम्ही काम केलंत, तर ते अनधिकृतच. कलम ५२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. त्रुटीचं पत्र ऑनलाइन लॉगिनमध्ये पडून असतं, अर्जदार पोस्टमनची वाट बघतो आणि एकसष्टाव्या दिवशी हातोडा काढतो. दर दोन दिवसांनी लॉगिन बघा. कन्सल्टंट बघेल, असं समजू नका.

मिळालेल्या परवानगीची मुदत एक वर्ष. दिवाळीनंतर, मग लग्नानंतर करता करता ती संपते. मुदतवाढ संपायच्या आत मागा.

काम सुरू झाल्यावर

महापालिकेला काम सुरू केल्याची सूचना, राडारोडा कुठे टाकणार त्याची पावती, वीज-गॅस बंद करून घेणं: नेहमीचं.

टेकूंकडे मात्र स्वतः बघा. तुम्ही पहिल्या मजल्यावर असाल तर टेकू तुमच्या फरशीवर संपत नाहीत. फरशीखालचा स्लॅब तो भार घेण्यासाठी बांधलेला नसतो. त्याच रेषेत खालच्या घरातही टेकू लागतात, थेट जमिनीपर्यंत. म्हणजे खालच्या काकूंच्या बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस दिवस लोखंडी नळ्या उभ्या. त्यांची लेखी संमती आधी घ्या. काम अर्ध्यावर असताना त्या "आता पुरे" म्हणाल्या तर ना पुढे जाता येतं ना मागे. बेडब्लॉकचं, म्हणजे गर्डरच्या टोकाखालच्या ठोकळ्याचं, काँक्रीट पुरेसं घट्ट व्हायच्या आत गर्डरवर भार द्यायचा नाही. गर्डर आणि वरच्या भिंतीतली फट पाचरी ठोकून ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरल्याशिवाय एकही टेकू काढायचा नाही. कंत्राटदार टेकूंचं भाडं वाचवायला घाई करतो. ते भाडं स्वतः भरायची तयारी ठेवा आणि इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय टेकू हलणार नाही, असं करारात घाला.

शेवटी इंजिनिअरचा काम पूर्ण झाल्याचा दाखला महापालिकेत द्या आणि पोच घ्या. लोक इथे कंटाळतात, घर रंगवून झालेलं असतं. दहा वर्षांनी फ्लॅट विकताना बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशात असलेली भिंत शोधायला लागतो तेव्हा हीच पोच लागते. तिची एक प्रत, गर्डरच्या नकाशासकट, सोसायटीच्या फाइलला लावून ठेवा.