स्पोर्ट्स कारचं वजन कमी करताना: किती किलो, याआधी कुठले किलो

गाडी हलकी करून घ्यायला येणारे ग्राहक बहुधा विचारतात, "किती किलो कमी होतील?" आम्ही आधी विचारतो, कुठले किलो? बोनेटमधले पाच आणि चाकांमधले पाच काट्यावर सारखेच भरतात, पण गाडी चालवताना त्यांच्यातला फरक पहिल्याच वळणावर जाणवतो. पैसे खर्च करण्याआधी हा फरक नीट कळावा, म्हणून हे पत्रक.

३०० हॉर्सपॉवरच्या, १५०० किलोच्या गाडीतून ५० किलो काढले तर वेग घेताना ती साधारण ३१० हॉर्सपॉवरच्या गाडीसारखी पळते. इंजिन ट्यून करूनही तेवढी ताकद मिळेल. पण ती फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर कळते. कमी झालेलं वजन वळताना कळतं, ब्रेक लावताना कळतं. गोव्याच्या सीमेवरचा अनमोडचा घाट उतरताना ब्रेकना जी उष्णता सोसावी लागते, ती वजनाच्या प्रमाणातच वाढते. १९९६ साली आलेली लोटस एलिस जेमतेम १२० हॉर्सपॉवरची होती. तरी तिचं नाव आजही घेतात, कारण ती गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास होती.

काम सुरू करण्याआधी आम्ही गाडी चार काट्यांवर उभी करतो, प्रत्येक चाकाखाली एक. टाकी अर्धी भरलेली आणि चालकाच्या सीटवर तुमच्याएवढं वजन. एकूण आकड्यापेक्षा कुठल्या कोपऱ्यात किती भार आहे, ते आम्हाला जास्त उपयोगी पडतं. काही किलो तर फुकटच निघतात. डिकीतली हत्यारांची पेटी, जुनी कव्हरं, पाण्याचे कॅन बाहेर काढा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. टाकीत ३० लिटर कमी ठेवलं की २२ किलो गेले. हे करून पाहा आणि मगच पार्ट्सचा विचार करा.

पैसे मर्यादित असतील तर ते चाकांवर घाला, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. चाक, टायर, ब्रेकची डिस्क आणि तिला आवळणारा कॅलिपर यांचं वजन सस्पेन्शनच्या खाली असतं. खड्डा आला की स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरना हा भार आवरावा लागतो. तो हलका असेल तर टायर रस्त्याला धरून राहतो, आणि गोव्यातल्या पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर हे रेस ट्रॅकपेक्षाही जास्त उपयोगाचं आहे. शिवाय चाक फिरतं. टायरच्या बाहेरच्या कडेजवळचा एक किलो वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा जड होतो. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा, असं ठिकठिकाणी सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि त्या हिशेबावर आम्ही कुणाला रिम विकत नाही.

रिम घेताना नुसतं वजन पाहू नका. साधी ओतीव अलॉय हलकी करायची तर धातू पातळ करावा लागतो, आणि तशी रिम एखाद्या न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर तडकते. फोर्ज्ड रिम दाबाखाली घडवलेली असते, त्यामुळे कमी धातूतही ताकद टिकते. किंमत अर्थात जास्त. मधला पर्याय म्हणजे फ्लो फॉर्म्ड, म्हणजे ओतलेल्या रिमची कड फिरवत दाबून पातळ आणि मजबूत केलेली. रोज चालणाऱ्या गाडीला आम्ही बहुतेक वेळा तीच सुचवतो. रिमवर भारक्षमतेचा आकडा कोरलेला हवा, आणि तो त्या ॲक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. आकडाच नसेल तर रिम कितीही सुंदर असो, आम्ही ती बसवत नाही. कॅलिपरला जागा पुरत असेल तर १९ इंचांवरून १८ वर येणं हा वजन कमी करण्याचा उत्तम मार्ग आहे. टायरची भिंत उंच होते, खड्ड्यात रिम वाचते. टायरचा एकूण व्यास मात्र तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल.

डिस्कच्या बाबतीत मधला भाग ॲल्युमिनियमचा असलेली दोन तुकड्यांची डिस्क चांगली. वजन वाचवायला लहान किंवा पातळ डिस्क बसवायची, हे मात्र नको. लोखंड कमी झालं की उष्णता साठवायची जागाही कमी होते.

चाकांनंतर बॅटरी. पोर्शने २००९ मध्ये लिथियमची स्टार्टर बॅटरी जाहीर केली तेव्हा ती सहा किलोंहून कमी होती, आधीच्या शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून जास्त हलकी. थंडीसाठी नेहमीची बॅटरीही ते सोबत देत, कारण कडाक्याच्या थंडीत लिथियम ढेपाळतं. गोव्यात ती अडचण नाही. इथली अडचण वेगळी: मालक बोटीवर नोकरीला आणि गाडी सहा-सहा महिने शेडमध्ये. अलार्म आणि सेन्सर थोडी थोडी वीज ओढत राहतात, आणि लिथियम बॅटरी पूर्ण उतरली की पुन्हा उभी राहीलच असं नाही. अशा वेळी लिथियमला चालणारा चार्जर लावून ठेवा किंवा टर्मिनल सोडून जा. बॅटरी इंजिनाला खेटून असेल तर उष्णतेपासून आडोसाही लागतो.

सायलेन्सर टायटॅनियमचा घेतला तर तेवढ्याच जाडीच्या स्टीलपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक वजन वाचतं, तेही गाडीच्या अगदी मागच्या टोकाचं. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र जागच्या जागी राहील आणि आवाज मर्यादेत राहील. यात आम्ही तडजोड करत नाही.

कार्बन फायबरच्या बोनेटची मागणी खूप असते. आधी तुमच्या बोनेटला चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर बोनेट बहुधा ॲल्युमिनियमचंच आहे, आणि बदलून फारसं काही वाचणार नाही. दुसरं म्हणजे इथली खारी हवा. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजू लागतं. म्हणून मधे इन्सुलेशनचा थर आणि योग्य बोल्ट लागतात, वर उन्हात न पिवळणारं कोटिंग. एवढं सगळं करायची तयारी असेल तरच कार्बन घ्या.

काही कामं आम्ही करत नाही. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर रस्त्यावरच्या गाडीला रेसिंग बकेट सीट बसवत नाही. काचांऐवजी पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक नाही, धडकेत वाचवणाऱ्या दारांतल्या लोखंडी पट्ट्यांना हात लावणं नाही. एसी आणि आवाजरोधक थर काढून द्या असंही कुणी म्हणतं. जून उजाडला की तोच ग्राहक ते परत बसवायला येईल, म्हणून आम्ही आधीच थांबवतो. स्टेपनीचं थोडं वेगळं आहे: २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. तिन्ही असल्याशिवाय ती काढू नका.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. शंका असलेलं प्रत्येक काम आधी वाहतूक खात्याकडून तपासून घेतो, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवायला तुम्हाला सांगतो. काढलेले मूळ पार्ट्स गुंडाळून, नाव लिहून परत देतो. गाडी विकताना ते लागतात.

काम झाल्यावर गाडी पुन्हा चार काट्यांवर जाते. वजन उतरलं की गाडी थोडी वर उचलते, म्हणून चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत नव्याने लावावा लागतो. आधीचे आणि नंतरचे आकडे बिलासोबत लिहून मिळतील. येताना आरसी, विम्याचे कागद आणि दोन्ही किल्ल्या आणा. डिकी रिकामी करून आलात तर पहिलं वजन खरं येईल.