मीटर कमी म्हणजे गाडी चांगली? नाही!

"फक्त ४० हजार फिरलीय, डोळे झाकून घ्या." बेळगाव भागात निपाणी असो की खानापूर, जुनी एसयूव्ही दाखवताना हे वाक्य ऐकू येतंच, आणि घेणारा भुलतो. पण मीटरचा आकडा मागे फिरवता येतो. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग घासून चकाकतंय आणि मीटर म्हणतंय ४० हजार, तर पेडलवर विश्वास ठेवा. मालकाकडून सर्व्हिसची जुनी बिलं मागून घ्या.

आकडा खरा असला तरी काळजी संपत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल एसयूव्हीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग, चांगली तापून धावावी लागते. बेळगावातल्या बेळगावात, टिळकवाडी ते मार्केट एवढ्याच छोट्या फेऱ्या मारलेल्या गाडीत तो तुंबतो. त्यापेक्षा पुणे-बेंगळुरू हायवेवर लाखभर किलोमीटर धावलेली, वेळेवर ऑईल बदललेली गाडी मी आधी बघेन.

बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. बॉनेटला हात लावा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. गाडी सुरू केल्यावर निळसर धूर आला, म्हणजे ऑईल जळतंय. खानापूरच्या पावसात उघड्यावर राहिलेली असेल तर टॉर्च घेऊन खाली वाका, चेसीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा, गंज बघाच.

एमएच-०९ पाटी असेल, तर कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकचा रोड टॅक्स धरूनच भाव ठरवा. १२ महिन्यांहून जास्त इथे कर्नाटकात ठेवली तर इथला केए नंबर घ्यावाच लागतो.